रसदव्यवस्थापनातील संशोधनपद्धती : इतिहास
रसदव्यवस्थापनातील संशोधनपद्धती : वस्तूंची खरेदी, साठवण, वाहतूक व वाटप यांसंबंधीचे प्रश्न पद्धतशीरपणे मांडण्याच्या, त्यांविषयीची माहिती गोळा करण्याच्या व त्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या रीती. उत्पादकापासून ग्राहकापर्यंतच्या सर्व दुव्यांचा एकत्रित विचार होऊ लागल्यावर या क्षेत्रास ‘पुरवठासाखळी व्यवस्थापन’ हे नाव मिळाले. ही संज्ञा १९८२ च्या सुमारास प्रचारात आली. तथापि तिच्यामागील प्रश्न फार जुने आहेत. मराठीत ‘रसद’ हा शब्द सैन्याच्या दाणागोट्याशी निगडित असून, रसद तुटल्यामुळे ओढवणाऱ्या संकटाचे पानिपतची मोहीम (१७६०-६१) हे महाराष्ट्राच्या स्मरणातील ठळक उदाहरण होय. पूर्वी या प्रश्नांची उत्तरे सरदार, बंजारी तांडे व व्यापारी अनुभवाच्या बळावर शोधीत. त्या अनुभवाचे तपासून पाहता येईल अशा ज्ञानात रूपांतर होण्याची प्रक्रिया मुख्यतः विसाव्या शतकात घडली. या शास्त्राचे वेगवेगळे प्रवाह वेगवेगळ्या अडचणींतून उगम पावले. परंतु हिशेबात घेतलेला आकडा कोठून आला व तो नेमके काय मोजतो, हा प्रश्न त्या सर्वांपुढे उभा राहिला.

गणिती पद्धती : फ्रेंच गणितज्ञ गास्पार माँझ यांनी मातीचे ढिगारे कमीत कमी श्रमात खड्ड्यांपर्यंत कसे न्यावेत, हा प्रश्न १७८१ मध्ये गणिताच्या भाषेत मांडला. अमेरिकन अभियंते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका वेळी किती माल मागवावा याचे सूत्र दिले. वारंवार माल मागविल्यास मागणी नोंदविण्याचा व आणण्याचा खर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागविल्यास साठवणुकीचा खर्च वाढतो. या दोहोंची बेरीज जेथे किमान होते, ते किफायतशीर परिमाण होय. ते मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे खप चौपट झाला, तर एका वेळचे परिमाण दुप्पटच करावे लागते. हे सूत्र मागणी स्थिर व ज्ञात आहे असे धरून चालते. प्रत्यक्षात ती क्वचितच तशी असते.

सोव्हिएट गणितज्ञ लिओनीद कांतोरोविच (१९१२–८६) यांच्याकडे १९३८ मध्ये प्लायवुड उद्योगातील यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न आला. त्याचे विवेचन करणारी त्यांची पुस्तिका १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये अनेक कारखान्यांतून अनेक गावांना माल पाठविण्याचा किमान खर्चाचा प्रश्न सोडविला. मूळचे डच असलेले ट्यालिंग कूपमान्स (१९१०–८५) हे दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन येथे दोस्त राष्ट्रांच्या जहाजवाहतुकीच्या नियोजनात काम करीत होते. युद्धसामग्री पोहोचवून रिकामी झालेली जहाजे पुढे कोणत्या बंदराकडे वळवावीत, या प्रश्नातून त्यांनी जवळजवळ तीच मांडणी स्वतंत्रपणे केली. जॉर्ज डँट्‌झिग (१९१४–२००५) यांनी १९४७ मध्ये शोधलेल्या ‘सिम्प्लेक्स’ रीतीमुळे या सर्व प्रश्नांना एक सामान्य उकल मिळाली व रैखिक कार्यक्रमण ही शाखा उदयास आली. कांतोरोविच व कूपमान्स यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक विभागून देण्यात आले.

या रीतीचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही एकाच उदाहरणात दिसून येतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषकद्रव्यांची गरज भागविणारा स्वस्तात स्वस्त आहार अदमासाने काढला. त्याचा वार्षिक खर्च ३९.९३ डॉलर येत होता. १९४७ मध्ये सिम्प्लेक्स रीतीने हेच गणित टेबलावरील गणकयंत्रांच्या साहाय्याने सोडविण्यात आले, त्यास सु. १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर ३९.६९ डॉलर आले. गणित अचूक ठरले; परंतु मोजक्याच पदार्थांचा असा आहार कोणी आवडीने खाईल की नाही, हे त्या समीकरणांत कोठेच नव्हते.

निरीक्षण व संख्याशास्त्र : महायुद्धकाळातच ब्रिटनमध्ये संक्रियात्मक संशोधन ही दुसरी परंपरा आकारास आली. तिचे एक प्रमुख प्रवर्तक भौतिकीविज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट (१८९७–१९७४) होत. अटलांटिक महासागरातून ब्रिटनला अन्नधान्य व सामग्री आणणाऱ्या जहाजांवर जर्मन पाणबुड्या हल्ले करीत. जहाजे काफिल्याने जात. मात्र फार मोठा काफिला धोक्याचा असतो, अशी नौदलात समजूत होती. ब्लॅकेट यांच्या सहकाऱ्यांनी १९४१-४२ मधील नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांची हानी २.५ टक्के, तर सरासरी ५४ जहाजांच्या काफिल्यांची हानी १.१ टक्का असल्याचे आढळले. बुडणाऱ्या जहाजांची संख्या काफिल्याच्या आकारावर फारशी अवलंबून नव्हती. शिवाय काफिल्यातील जहाजे दुप्पट केली, तरी त्याचा परिघ दीडपटीहूनही कमी वाढतो व तेवढ्याच संरक्षक नौका अधिक जहाजांचे रक्षण करू शकतात. ही कारणमीमांसा पटल्यानंतरच १९४३ मध्ये मोठ्या काफिल्यांचे धोरण स्वीकारण्यात आले. केवळ टक्केवारीवर न थांबता तिच्यामागील कारण शोधणे, हा या अभ्यासाचा संशोधनपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचा धडा होय.

भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. किती क्षेत्र मोजावे हे त्यांनी पाहणीचा खर्च व संभाव्य त्रुटी यांचा मेळ घालून ठरविले. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र पथकांकडून स्वतंत्र नमुने घेऊन त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची त्यांची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. दोहोंत मोठा फरक पडल्यास चूक पिकात नसून मोजणाऱ्यात आहे, हे त्यामुळे उघड होई. कोठारांत किती धान्य लागेल हे पिकाच्या अंदाजावर अवलंबून असल्याने या पद्धतीचे मोल रसदव्यवस्थेच्या दृष्टीने मोठे आहे. ब्लॅकेट यांनीही स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला संरक्षणविषयक सल्ला दिला. १९५७ मध्ये भारतीय संक्रियात्मक संशोधन संस्था स्थापन झाली.

सदृशीकरण : प्रत्यक्ष व्यवस्थेवर प्रयोग करणे महाग वा अशक्य असते. अशा वेळी तिचे गणिती प्रतिमान काळाच्या ओघात चालवून पाहणे म्हणजे सदृशीकरण. मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जे फॉरेस्टर (१९१८–२०१६) यांच्यापुढे १९५० नंतरच्या दशकात एक कोडे आले. घरगुती उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यांत कधी दिवसरात्र काम चाले, तर काही काळाने निम्म्या कामगारांना घरी बसावे लागे. त्याचे खापर व्यापारचक्रावर फोडले जाई. फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिलीने आकडेमोड करून दाखविले, की ग्राहकांची मागणी स्थिर असतानाही मागणी नोंदविण्याचे नियम व माल येण्यास होणारा विलंब यांमुळेच असे हेलकावे उत्पन्न होऊ शकतात. हे विवेचन त्यांनी १९५८ मधील लेखात व १९६१ मधील ग्रंथात केले. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक व कारखाना अशा चार भूमिका विद्यार्थ्यांना देऊन खेळविला जाणारा ‘बिअर गेम’ हा याच परंपरेतील होय. ‘बुलव्हिप’ म्हणजे चाबकाच्या फटकाऱ्याप्रमाणे वाढत जाणारा हा परिणाम हाऊ ली, पद्मनाभन व व्हांग यांनी १९९७ मध्ये चार कारणांत मांडला : मागणीचे फेरअंदाज, एकगठ्ठा मागणी, किंमतीतील चढउतार आणि टंचाईच्या भीतीने फुगवून सांगितलेली गरज. नोंदवहीतील मागणी व खरी गरज या भिन्न गोष्टी असतात, हे यातून सिद्ध झाले.

प्रत्यक्ष स्थळावरील अभ्यास : जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो (१९१२–९०) यांनी आवश्यक तेवढाच माल आवश्यक त्या वेळी आणण्याची पद्धत विकसित केली. अहवालांपेक्षा कामाच्या जागी उभे राहून केलेल्या निरीक्षणावर तिचा भर होता. इतिहासकार मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड यांनी १९७७ मध्ये युरोपीय मोहिमांच्या रसदेचा कागदपत्रांच्या आधारे अभ्यास करून दप्तरांतील योजना व रणभूमीवरील वस्तुस्थिती यांतील अंतर दाखविले. तरीही विद्यापीठीय संशोधनात प्रश्नावल्या, संख्याशास्त्रीय चाचण्या व गणिती प्रतिमाने यांचेच वर्चस्व राहिले. मेंट्‌झर व कान यांनी १९९५ मध्ये अशा संशोधनाची सुसूत्र चौकट मांडली. पुढे एकक-अभ्यास व कृतिसंशोधन यांना अधिक वाव मिळावा, असा विचार प्रबळ झाला. मुंबईच्या डबेवाल्यांची १८९० पासूनची व्यवस्था हा एकक-अभ्यासाचा प्रसिद्ध विषय असून हार्व्हर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये तिच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. खुणांची साधी लिपी, लोकलगाडीचे वेळापत्रक व परस्परविश्वास यांवर चालणारे हे काम समीकरणांत पूर्णपणे मावत नाही. मात्र तिच्या अचूकतेविषयी प्रचारात असलेले आकडे वापरण्यापूर्वी ते कोणी व कसे मोजले, हे पाहणे येथेही अगत्याचे ठरते.

शिक्षण व आजचे स्वरूप : मुंबईत पवई येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेने या विषयाच्या भारतातील अध्यापनास मोठा हातभार लावला, २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई हिच्यात झाले. वडोदरा येथे २०२२ मध्ये वाहतूक व रसदव्यवस्थेस वाहिलेले गती शक्ती विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. संगणकामुळे लाखो चलांची गणिते सुकर झाली आहेत. त्यामुळे आकडेमोडीपेक्षा प्रश्नाची मांडणी व माहितीची पारख यांचे शिक्षण अधिक महत्त्वाचे ठरले आहे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत याचा कठोर प्रत्यय आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत द्रवरूप प्राणवायूचे साठे मुख्यतः पूर्व भारतातील पोलाद कारखान्यांजवळ, तर मोठी गरज महाराष्ट्र, दिल्ली इ. ठिकाणी अशी स्थिती होती. शिवाय तो वाहून नेणारे विशेष टँकर अपुरे होते. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापटनमला गेली व ते भरून नागपूरमार्गे नाशिकला आले. रिकामी वाहने कोठे पाठवावीत, हा कूपमान्स यांचाच प्रश्न येथे नव्या रूपात उभा होता. त्याच सुमारास प्राणवायूची गरज खाटांच्या संख्येवरून सूत्राने ठरवावी की अन्य मार्गाने, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि न्यायालयाने वाटपाची पद्धत ठरविण्यासाठी तज्ञांचा राष्ट्रीय कार्यगट नेमला. सूत्र कमी पडले, तर रुग्ण प्राणवायूवाचून राहतो. मागणी फुगली, तर दुसऱ्या शहरातील रुग्णाचा वाटा घटतो. रसदव्यवस्थेतील संशोधनपद्धती हा केवळ परीक्षेपुरता विषय नसून मोजमापाच्या प्रामाणिकपणावर माणसांचे अन्न, औषध व प्राण अवलंबून असतात, हेच या इतिहासाचे सार होय.