गाडगीळांचे सूत्र आणि गाडगीळांचा ग्रंथ

विद्वानाचे कार्य त्याच्या ग्रंथांच्या संख्येवरून मोजावे, की इतरांनी त्याचा आधार किती घेतला यावरून? केंद्र सरकारच्या सेवेत राज्यांच्या साहाय्याचे कागद हाताळताना ‘गाडगीळ सूत्र’ हे शब्द आम्ही असंख्य वेळा लिहिले. १९६९ च्या या सूत्रात साठ टक्के भार लोकसंख्येला होता. मात्र प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा ग्रंथ आम्ही फार उशिरा वाचला, हे कबूल करावयास हवे.

केंब्रिज येथील प्रबंधातून सिद्ध झालेला, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील तो इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा गाडगीळ जेमतेम तेवीस वर्षांचे होते. हस्तव्यवसायांचा ऱ्हास, दुष्काळ आणि गिरण्यांचा उदय यांची संगती त्यांनी त्यात लावली. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे त्यांनी शहरातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. घरोघरी मिळालेल्या उत्तरांतून इतिहासाचे साधन सिद्ध झाले.

योजना आयोग मावळला आणि सूत्रही इतिहासजमा झाले. ग्रंथ मात्र शंभर वर्षांनंतरही अभ्यासकांच्या तळटीपांत वावरतो आहे.

आपल्या भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. येथे पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची हकीकत उद्याच्या इतिहासकाराने कोठे शोधावी? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती आपणच लिहून ठेवू या. लिहिलेच नाही, त्याचा आधार कोण घेणार?