फोटो हाती येईपर्यंत

छायाचित्र काढणे आणि ते हाती येणे यांमधील प्रतीक्षेलाही इतिहास आहे. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरना विक्रीस आणला. फिल्म संपली की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात धाडावयाचा; दहा डॉलर घेऊन तेथे चित्रे छापीत व नवी फिल्म भरून तो परत करीत. ब्रिटनमध्ये पुढे फिल्म औषधांच्या दुकानात द्यावी आणि दूरच्या प्रयोगशाळेची वाट पाहावी, अशी रीत पडली.

ते अंतर मिटविले जपानच्या नोरित्सू कंपनीने. १९७९ साली तिने दुकानातच पाऊण तासात प्रती देणारे यंत्र आणले. १९८३ साली ब्रिटनमध्ये निघालेला स्नॅपी स्नॅप्सचा व्यवसाय अशाच यंत्रांवर वाढला: नाव व पद्धत कंपनीची, भांडवल व कष्ट स्थानिक दुकानदाराचे. डिजिटल कॅमेऱ्याने मात्र छापण्याची गरजच आटविली. २०१३ साली ही दुकाने टिम्पसनने, म्हणजे जोडे दुरुस्त करणाऱ्या आणि किल्ल्या बनविणाऱ्या कंपनीने, विकत घेतली!

बारशाचे फोटो टपालाने गावी आजीकडे पाठविणाऱ्या आम्हां परप्रांतस्थांना त्या प्रतीक्षेचे मोल ठाऊक आहे. प्रस्तुत अंकासाठी छायाचित्रे मागविली, तेव्हा मंडळाच्या पहिल्या दशकातील कृष्णधवल प्रती पुष्कळ आल्या. गेल्या दहा वर्षांतील एकही कागदावर आली नाही.