दवाखाना, वसतिगृह, बालगृह : सातारा-सांगलीत देखरेख कोणी करायची?

मार्च २०१७. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात म्हैसाळ गावाच्या परिसरात पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. त्याआधी एका २६ वर्षांच्या विवाहितेचा गर्भपाताच्या वेळी मृत्यू झाला होता. त्या मृत्यूच्या तपासातून हे प्रकरण बाहेर आले. अटक झालेल्या डॉक्टरकडे होमिओपॅथीची पदवी होती. कायद्याने तो गर्भपात करूच शकत नव्हता.

देशभर संताप झाला, मोर्चे निघाले. पण एक प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि आजही मागेच आहे. दवाखान्यांवर देखरेख ठेवण्यासाठी कायदा होता, अधिकारी होते, समित्याही होत्या. तरी हे प्रकरण एका बाईचा जीव गेल्यावरच का उघडे पडले?

या समित्या कोणत्या, त्यांच्यावर कोण असते, त्यांनी काय करायचे असते आणि आपण त्यांच्याकडे काय मागू शकतो, याची माहिती कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून हा लेख.

दोन जिल्ह्यांची पार्श्वभूमी

२००१ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या. सातारा जिल्ह्यात हे प्रमाण ८७८ होते आणि सांगलीत ८५१. ऊस, द्राक्षे, सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था यांनी पुढारलेला हा पट्टा. मुलीच्या जन्माच्या बाबतीत मात्र तो राज्याच्या मागे होता. गरिबी हे त्याचे कारण सांगता येत नाही, कारण सोनोग्राफी परवडणाऱ्या भागातच आकडा जास्त घसरला.

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक वेगळा कार्यक्रम झाला. 'नकुशा' म्हणजे नको असलेली, असे नाव आईबापांनी ठेवलेल्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. जगभर त्याची बातमी झाली. जन्माला आल्या त्यांना नावे मिळाली. ज्यांना जन्मूच दिले नाही त्यांची नोंद कुठेच नाही.

याच साताऱ्यातून अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळाच्या माध्यमातून गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढा उभा केला. गरोदर स्त्रियांच्या मदतीने सापळे रचून त्यांनी अनेक ठिकाणचे डॉक्टर उघडे पाडले. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. सरकारी देखरेख कमी पडली तिथे लोकांनी ती करून दाखवली, असे हे उदाहरण आहे.

पीसीपीएनडीटी : सल्लागार समितीचा प्रश्न

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्यात 'समुचित प्राधिकारी' हे मुख्य पद आहे. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिका क्षेत्रात महापालिकेचे आरोग्य अधिकारी हे काम पाहतात. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड शहरासाठी एक कार्यालय आणि उरलेल्या सांगली जिल्ह्यासाठी दुसरे. तक्रार देताना ही हद्द आधी पाहून घ्यावी, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो.

प्राधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी आठ जणांची समिती असते : तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक कायदेतज्ज्ञ, माहिती व प्रसिद्धी खात्याचा एक अधिकारी आणि तीन सामाजिक कार्यकर्ते. या तिघांपैकी किमान एक महिला संघटनेचा हवा. समितीच्या दोन बैठकांमध्ये ६० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. प्रत्येक नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्राची दर ९० दिवसांनी तपासणी झाली पाहिजे आणि ते अहवाल या समितीपुढे ठेवले पाहिजेत.

आता आपल्या कामाशी ताडून पाहू. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तीन महिन्यांत तिची बैठक झाली नाही, तर आपले कार्यकर्ते निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात हजर होतात. नियम क्रमांकासह तोंडपाठ असतो. गर्भलिंगनिदानाच्या समितीची बैठक मात्र ६० दिवसांत झाली की नाही, हे विचारायला किती जण जातात? त्या समितीवरचे तीन सामाजिक कार्यकर्ते कोण, हे तरी किती जणांना माहीत असते?

हा कायदा सामान्य माणसाला मोठे हत्यार देतो. कलम २८ नुसार कोणीही व्यक्ती किंवा संघटना समुचित प्राधिकाऱ्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन पुढे थेट न्यायालयात तक्रार दाखल करू शकते. अशा तक्रारीत मागणी केल्यास संबंधित नोंदींच्या प्रती देण्याचा आदेश न्यायालय प्राधिकाऱ्याला देऊ शकते. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा 'एफ' फॉर्म भरणे आणि नोंदी किमान दोन वर्षे जपणे केंद्रावर बंधनकारक आहे. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक स्थानिक भाषेतही लावावा लागतो.

गर्भपात म्हणजे गुन्हा नव्हे

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण उत्साही कार्यकर्ते इथेच चुकतात. लिंग तपासणे गुन्हा आहे. गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्याने, त्यातल्या अटी पाळून, कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही गटांसाठी मर्यादा २४ आठवडे आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही लागत नाही. तिचे नाव अनधिकृतपणे उघड करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते.

म्हणून देखरेख दवाखान्याची आणि डॉक्टरची करायची, बाईची नाही. कोणाच्या घरी 'पोट रिकामे' झाले याची चौकशी करत फिरणे ही देखरेख नव्हे, तो छळ आहे. कायदेशीर दवाखान्याचे दार बंद झाले की बाई म्हैसाळसारख्या ठिकाणी पोचते.

गाव आणि दवाखाना

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्यातून गावोगाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आल्या. गावाच्या आरोग्यासाठी या समितीकडे बंधनमुक्त निधी येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या वस्तीतला एकही सदस्य या समित्यांवर नसेल, तर वस्तीतली तुंबलेली गटारे आणि दूषित पाणी बैठकीच्या कागदावर येत नाही.

आशाताई किंवा अंगणवाडीताईंना जाब विचारणे म्हणजे देखरेख नव्हे. त्या सर्वांत खालच्या पायरीवर, तुटपुंज्या मोबदल्यावर काम करतात. प्रश्न निधी, औषधे, रिक्त पदे आणि रुग्णवाहिकेचा आहे. तो वरच्या अधिकाऱ्याला विचारायचा.

खासगी रुग्णालयांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात तर आधी ती भिंत पाहा.

मुले, वसतिगृहे आणि यादीबाहेरची माणसे

बाल न्याय कायदा २०१५ नुसार जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. बालगृहांची तपासणी तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. पथकात किमान तिघे, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा पोक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे.

आपल्या अनेक मुलामुलींचे घर म्हणजे समाजकल्याण विभागाचे वसतिगृह. तिथले जेवण, स्वच्छतागृह, मुलींची सुरक्षितता यांची तक्रार जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जाते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव संघटनेने पुढे करू नये. अर्ज संघटनेच्या नावाने द्यावा.

गळीत हंगामात बीड आणि मराठवाड्यातून ऊसतोड मजूर सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येतात. त्यांत दलित आणि भटक्या-विमुक्तांची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गरोदर बाई कोपीत राहते. तिचे नाव गावाकडच्या यादीत असते आणि ती इथे असते, म्हणून दोन्हीकडच्या बैठकीत तिचा विषय निघत नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी राज्याने २०१९ मध्ये समिती नेमून केली. त्या बायका कामाला इकडे येतात, हे आपण विसरू नये.

माहितीच्या अधिकारात काय मागावे?

अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत. प्रत्येक विषयाला वेगळा अर्ज करा.

- पीसीपीएनडीटी सल्लागार समितीच्या सदस्यांची नावे, मागील वर्षातील बैठकांच्या तारखा व इतिवृत्ते.
- त्या वर्षातील सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीच्या तारखा आणि केलेली कारवाई.
- आपल्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचे सदस्य आणि जमाखर्च.
- जिल्ह्यातील बालगृहांच्या तपासणीच्या तारखा.

रुग्ण किंवा मुलांची नावे कधीही मागू नका. मिळालेली उत्तरे ग्रामसभेत वाचा. तातडीच्या प्रसंगी अर्जाची वाट पाहू नका : मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, रुग्णवाहिकेसाठी १०८.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल यांची काळजी हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय आहे, हे ते त्या काळी सांगत होते. माता भीमाबाईंचे निधन साताऱ्यात झाले. त्यांना अभिवादन करायला आपण साताऱ्याला जातो. त्याच शहरातल्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय आहे. पुढच्या वेळी अभिवादनाला जाताना खिशात एक अर्ज असू द्या.