हजेरीपटाबाहेरची माणसं

मुंबईतल्या एका गिरणी कामगाराची मुलाखत हिंदीत नेताना मी एका शब्दापाशी अडकले. तो म्हणाला होता, "मला बसवलं." हिंदीत 'छंटनी' लिहून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. छंटनी म्हणजे आपल्याकडची कपात. ज्याला 'बसवलं', त्याची कपात झालेलीच नसते.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफची तरतूद आली. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल पडून आहे, यंत्र मोडलंय, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही. मात्र कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं आणि त्याला निम्मा पगार मिळतो. आज वर्तमानपत्रं संगणक कंपन्यांमधून माणसं कायमची काढली की त्यालाही ले-ऑफच म्हणतात. शब्द तोच, आतून हजेरीपट तेवढा गळून पडला.

पण त्याच कलमात एक कंस आहे: बदली कामगार वगळून. माझे थोरले काका त्या कंसातले.

गिरण्यांत बदलीची शिस्त १९३५ची. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर व्हायचं, कायम कामगार खाडा करील त्याच्या साच्यावर उभं राहायचं. जॉबरची मनमानी मोडायला काढलेली ही युक्ती. पुढे तिच्यातच माणसं वर्षानुवर्षं अडकली. वर्षात २४० दिवस भरले तर कायद्याच्या लेखी माणूस बदली उरत नाही. काकांचे कधी भरले नाहीत. ते भरू नयेत याची काळजी कोणीतरी घेत असावं, असा माझा संशय आहे, पुरावा नाही.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. 'अडीच लाख बेकार' हा आकडा तेव्हापासून छापला जातो. मला तो एकाच वेळी मोठाही वाटतो आणि अपुराही. मोठा अशासाठी, की काही जण पुन्हा कामावर गेले, काही भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, तिथे साचे चालवायचेच होते, फंड आणि ग्रॅच्युइटी तेवढी नव्हती. अपुरा अशासाठी, की माझी चुलती त्यात नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती चौदा जणांची खानावळ चालवायची. पगार झाला की हिशेब. संपात तिने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. मग जेवणारे एकेक करून गावी गेले आणि वही राहिली. तिची नोकरी गेली असं कोण म्हणेल? ती कधी कामावर होतीच कुठे! कोकणातल्या घरांत येणारी मनीऑर्डर थांबली, ती कुठल्या उद्योगाच्या रकान्यात घालायची?

अहमदाबादेतही पुढच्या दोन दशकांत गिरण्या बंद पडल्या. तिथे संप नव्हता, उलट गांधीजींच्या वेळची, १९२०ची मजूर महाजन होती. म्हणून सगळं खापर सामंतांवर फोडणाऱ्यांशी मी वाद घालते. संपाने घाई केली असेल. रोग जुना होता.

गंमत अशी, की मोजणी झाली ती पुढे घरांसाठी. गिरण्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, त्यातल्या वाट्यावर म्हाडाने कामगारांसाठी घरं बांधायची ठरलं, आणि १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. ट्रंकांतून हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या बाहेर आल्या.

काकांचा अर्ज मी भरत होते. विचारलं, "काका, नोकरी कधी सुटली? तारीख हवी."

"सुटली कुठे?" ते म्हणाले. "अगं, संप अजून कोणी मागे घेतलाय का?"

मी तो रकाना मोकळा सोडला.