टिळकांचा राजीनामा आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी

शाळा सोडल्यावर नशिबाने मला लखनऊला आणले. जानकीपुरममध्ये राहत असल्यामुळे लखनऊ विद्यापीठाचा नवा परिसर नित्य दृष्टीस पडतो. याच विद्यापीठाचे कुलगुरुपद १९३२ ते १९३८ या काळात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी भूषविले होते. त्यापूर्वी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी लेखणी उचलली तेव्हा परांजप्यांवरून मन त्या महाविद्यालयाच्या मातृसंस्थेकडे आणि तिच्यावर सहाव्याच वर्षी ओढवलेल्या एका प्रसंगाकडे वळले.

न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० च्या जानेवारीत झाली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची २४ ऑक्टोबर १८८४ रोजी. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर आपले आयुष्य अध्यापनाला वाहावे, हा संस्थेचा पाया. पुढे हे वेतन दरमहा ७५ रुपये ठरले. टिळक आणि आगरकर यांचा स्नेह तर याहूनही जुना. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते.

हा स्नेह मतभेदांपुढे टिकला नाही. सामाजिक सुधारणेसाठी सरकारने कायदा करावा की नाही, हा वादाचा गाभा होता. आगरकरांचा कायद्याला पाठिंबा होता. परक्या सरकारचा हस्तक्षेप टिळकांना नको होता. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्यांनी पत्र सोडले, पण वर्ग सोडला नाही. ज्यांच्याशी छापील कागदावर भांडायचे त्यांच्याच शेजारच्या वर्गात जाऊन शिकवायचे, असा विलक्षण काळ संस्थेने तीन वर्षे अनुभवला. हे तीन वर्षे चालले, याचेच मला अधिक आश्चर्य वाटते.

अखेर ठिणगी पडली ती गोखल्यांवरून. तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे अंगावर घेऊ नयेत, असे टिळकांचे म्हणणे होते. नियम म्हणून ते खरेच होते. परंतु हा प्रश्न उपस्थित करणारा स्वतः वृत्तपत्राच्या व्यापात होता, आणि ज्याच्याविरुद्ध तो होता तो रानड्यांचा शिष्य व ‘सुधारका’चा लेखक होता, हे विसरून चालणार नाही. वाद नियमाचा होता. त्याचा ताप मात्र मतांचा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनाम्याचे पाऊल उचलले आणि डिसेंबरात सविस्तर निवेदन देऊन आपली सारी बाजू मांडली.

संस्थेने राजीनामा स्वीकारला. संस्थापकांपैकी एक आणि गणिताचा नामांकित अध्यापक निघून गेला, पण वर्ग रिकामा राहिला नाही. गणित शिकविण्याचे काम गोखल्यांकडेच आले. ज्याच्या निमित्ताने वाद पेटला त्यानेच गेलेल्याची जागा भरून काढायची, ही परीक्षा काही सोपी नव्हती. पुढे त्यांनी इंग्रजी शिकविले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली निवर्तले, तेव्हा ते पद आगरकरांकडे आले.

टिळकांनी आग्रहाने मांडलेल्या नियमाचे मात्र नवल झाले. गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवीत असतानाच मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले, आणि प्राचार्य असताना परांजप्यांनीही त्या मंडळात काम केले. सार्वजनिक कार्य आणि अध्यापन यांची सांगड संस्थेने पुढे स्वीकारली असेच म्हणावे लागते. हीच मोकळीक १८९० साली सर्वांना सारखी असती, तर टिळक थांबले असते का? मला तसे वाटत नाही. एका छताखाली राहण्याइतका विश्वास तेव्हा उरला नव्हता, आणि विश्वास काही ठराव करून आणता येत नाही.

संस्थेबाहेर पडल्यावर टिळकांनी कायद्याचे वर्ग चालविले आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ आपल्या हाती घेतले. १७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. ‘केसरी’तील त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला.