व्याधाचा जोडीदार आणि जुळून आलेले दोन आकडे

मागच्या वेळी आपण आईन्स्टाईनपाशी थांबलो होतो. जड ताऱ्यावरून निघालेला प्रकाश बाहेर पडताना ऊर्जा गमावतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे सरकतात. ही ताम्रसृती. पण तारा आपल्यापासून दूर जात असला तरी रेषा तांबड्याकडेच सरकतात! मग त्यात गतीचं किती आणि गुरुत्वाचं किती, हे ओळखायचं कसं?

इथे व्याध कामी आला. त्याला एक अंधुक जोडीदार आहे, १८६२ साली अल्वान ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. दोघं एकमेकांना बांधलेले, म्हणजे जोडीचा एकूण वेग सामाईक. कक्षेतलं फिरणं वजा करा. तरीही जोडीदाराच्या रेषा जास्त सरकलेल्या दिसल्या, तर ती शिल्लक गुरुत्वाची.

१९२४ मध्ये एडिंग्टन यांनी गणित मांडलं. वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, आकार मात्र एखाद्या ग्रहाचा. घनता पाण्याच्या ५० हजारपट! ही शिल्लक वेगाच्या भाषेत सेकंदाला २० किलोमीटर यायला हवी. माउंट विल्सनवर वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी ती मोजली आणि १९२५ मध्ये जाहीर केली: २१. सिद्धांताला याहून चांगला पुरावा कुठला हवा? पुढची कित्येक वर्षं तो दिला जात राहिला.

आणि दोन्ही आकडे चूक होते. एडिंग्टन यांनी ताऱ्याचं तापमान फार कमी धरलं, त्यामुळे आकार तिपटीहून मोठा आला. व्याध जोडीदारापेक्षा सुमारे दहा हजारपट तेजस्वी, त्याचा प्रकाश अ‍ॅडम्स यांच्या वर्णपटात सांडलेला. १९७१ मध्ये ग्रीनस्टाइन आणि सहकाऱ्यांना शिल्लक मिळाली ८९, हबल दुर्बिणीतून २००५ मध्ये ८०. म्हणजे चौपट.

अ‍ॅडम्स यांनी लबाडी केली असं आम्ही म्हणणार नाही. पण किती यायला हवं हे आधी कळलेलं असलं, की तेवढं येताच माणूस शंका घेणं थांबवतो. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना खरी गंमत पुढे वाटते: पुरावा कोसळला, सिद्धांत नाही. कारण १९६० पर्यंत पाउंड आणि रेबका यांनी हार्वर्डमध्ये अवघ्या साडेबावीस मीटर उंचीवर हाच परिणाम मोजून दाखवला होता.

कृष्णविवराजवळ मात्र वजाबाकी इतकी सरळ नाही. मे २०१८ मध्ये एस-२ हा तारा आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सेकंदाला सुमारे ७,६०० किलोमीटर वेगाने गेला. नेहमीचा डॉप्लर परिणाम काढून टाकल्यावर सुमारे २०० किलोमीटर उरले. त्यातला जवळपास निम्मा वाटा गुरुत्वाचा, निम्मा वेगामुळे मंदावलेल्या काळाचा. हे निम्मं-निम्मं का, ते पुढच्या वेळी.