शिष्यवृत्ती, सेनापती आणि आपली मुळशी

स्मरणिकेसाठी लेख मागणारा निरोप आला तेव्हा मी घरात दोन बॅगा उघड्या टाकून बसले होते. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात दहा महिन्यांची अभ्यासवृत्ती मिळाली आहे. धरणातून पाणी कधी आणि किती सोडावे, याचे संगणकीय प्रारूप हा विषय. व्हिसा, जुन्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, नोकरीतून बिनपगारी रजा अशी यादी मोठी आहे. सगळ्यात अवघड गेला तो एक पानी निबंध : ‘तुम्हाला का जायचे आहे?’ तो लिहिताना मला आठवले आपले इतिहासाचे सर आणि त्यांनी फळ्यावर लिहिलेले नाव, पांडुरंग महादेव बापट.

सेनापती बापट आपल्याला माहीत आहेत ते मुळशी सत्याग्रहामुळे. पण मुळशीला येण्याआधी तेही शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. १८८० साली पारनेरला जन्म, पुण्यात डेक्कन कॉलेजात शिक्षण. मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते एडिंबरोला गेले. गरीब घरातल्या मुलाला त्या काळी याहून मोठी संधी कोणती? परंतु तिथे त्यांनी ब्रिटिश राज्यकारभारावर जाहीरपणे टीका केली आणि शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे लंडनला इंडिया हाऊसमध्ये सावरकरांचा सहवास, पॅरिसला रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या, आणि १९०८ साली पदवीऐवजी ती पुस्तिका घेऊन मायदेशी परत.

त्याच काळात परदेशी शिक्षणाचा दुसराही एक रस्ता होता. १९०६ साली सावरकर लंडनला गेले ते ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वर. पॅरिसमधले सरदारसिंह राणा पैसे देणारे आणि शिफारस लोकमान्य टिळकांची. म्हणजे शिष्यवृत्ती कोण देतो आणि त्या बदल्यात काय अपेक्षितो, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता.

मग १९२१ साल उजाडले. मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीने मुळेवर धरण बांधायला घेतले होते. सह्याद्रीचा कडा उतरवून पाणी कोकणात भिऱ्याला न्यायचे आणि त्या उतारावर वीज करायची, अशी योजना. इंजिनिअर म्हणून सांगते, कल्पना देखणी आहे. पण त्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरे, घरे, देवळे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते, बायकाही मागे नव्हत्या. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. पुण्यातल्या अनेक सावकार-जमीनदारांना जमिनीपेक्षा मोबदला हवा होता, त्यामुळे एकी टिकली नाही. १९२४ साली बांधकामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले. लोकांनी त्यांना पदवी दिली ती मात्र ‘सेनापती’ ही.

आपल्यातल्या काहींची मूळ गावे आजही त्या पाण्याखाली आहेत. सहलीला धरणावर गेलो तेव्हा सगळे पाण्यात दगड मारत होतो आणि वर्गातली एक मैत्रीण एकटीच गप्प उभी होती. “आमचं देऊळ इथंच कुठंतरी आहे,” एवढंच ती म्हणाली. तेव्हा मला ते नीट कळले नव्हते.

खरे सांगते, बापटांच्या जागी मी असते तर ते भाषण केले नसते. शिष्यवृत्ती जपली असती, परीक्षा दिली असती. वीस वर्षांच्या नोकरीत अनेक बैठकांना मी मान डोलावून उठून आले आहे. म्हणून त्यांच्याशी बरोबरी सांगायचा मला अधिकार नाही. पण ज्याला तंत्र कळते त्याने त्या तंत्राची किंमत कोण मोजतो हेही पाहावे, एवढे मी त्यांच्याकडून घेऊ शकते.

निबंधाचा पहिला खर्डा मी फाडला. त्यात ‘जागतिक अनुभव’ वगैरे गोड शब्द होते. दुसऱ्यात लिहिले : मी मुळशी तालुक्यातली आहे. आमच्याकडे धरणाच्या हिशेबात पाणी आणि वीज धरली गेली, खालची गावे धरली नाहीत. ती हिशेबात कशी धरायची, हे मला शिकायचे आहे.

निवड झाल्याचे कळल्यावर आई आधी हसली, मग म्हणाली, “परत येणार ना गं?”

येणार. दहा महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा धरणावर जाऊ. त्या मैत्रिणीला मात्र आधी विचारू, तिचे देऊळ नेमके कुठे होते.